मुक्त पत्रकार ‘नेमायचा’ की त्याला काम ‘द्यायचं’?

टाचण
एका संस्थेची जाहिरात मराठीत करून द्यायची आहे. मजकूर चिमुकला: बातम्या आणि फीचर अशा दोन्ही असाइनमेंटसाठी अनुभवी फ्रीलान्स जर्नलिस्ट हवा. मी लिहिलं, ‘बातम्या व वृत्तलेखांसाठी अनुभवी मुक्त पत्रकार नेमणे आहे.’ मसुदा तपासणाऱ्या बाईंनी ‘मुक्त’भोवती गोल काढला आणि समासात लिहिलं, ‘कशापासून?’ ‘नेमणे’खाली दोन रेघा. त्यांचं म्हणणं, नेमणूक पदावर होते, इथे पद कुठे आहे? ‘असाइनमेंट’ मी गाळूनच टाकला, कारण ‘कामगिरी’ म्हटलं की पोलीस किंवा फौज आठवते आणि ‘स्वाध्याय’ म्हटलं की शाळेची वही. वाचणाऱ्या पत्रकाराला पहिल्या ओळीतच कळायला हवं की ही नोकरी नाही, पण काम नियमित आणि जबाबदारीचं आहे. तुम्ही काय लिहाल?

ओवी
‘मुक्त पत्रकार’ पक्का रुळलेला आहे. लेखाच्या तळाशी कंसात ‘लेखिका मुक्त पत्रकार आहेत’ हे आपण वर्षानुवर्षं वाचतो आणि कुणी अडखळत नाही. मुक्त विद्यापीठाला ‘कशापासून मुक्त’ असं कुणी विचारतं का? ठेवा तसाच.

परशू
रुळलेला आहे म्हणून नेमका आहे असं होत नाही. ‘मुक्त पत्रकारिता’ म्हटलं की दडपणाखाली नसलेली पत्रकारिता, हा अर्थ आधी येतो. मग कुठेच नोकरीला नसलेला, पण कुणाला तरी घाबरून लिहिणारा माणूस मुक्त, आणि मालकाला न आवडणारं छापणारा पगारी संपादक मात्र मुक्त नाही? एका विशेषणावर दोन ओझी टाकलीत. ‘स्वतंत्र पत्रकार’ लिहा. आपल्या तंत्राने चालतो तो स्वतंत्र, शब्दातच सगळं आलं.

निळावंती
परशू, नाही पटत. नोकरी सोडल्यापासून मी हेच काम करते. ‘स्वतंत्र पत्रकार’ म्हणजे आता वेगळीच मंडळी: स्वतःचं संकेतस्थळ किंवा चॅनेल काढलेले, वाचकांच्या वर्गणीवर चालणारे, कुठल्या माध्यमसमूहाशी न बांधलेले. त्यांना काम कुणी सोपवत नाही, ते स्वतःचे विषय स्वतः ठरवतात. मी या आठवड्यात एका साप्ताहिकासाठी पाण्यावर लिहीन, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणासाठी न्यायालयातल्या एखाद्या खटल्यावर. विषय बहुतेक वेळा संपादकाचा, मुदत त्याची, शब्दमर्यादा त्याची. यात माझं तंत्र कितीसं? तरी मी कुणाकडे नोकरीला नाही. या मधल्या अवस्थेसाठी शब्द हवाय.

स्ट्रिंगरशीही गल्लत नको. तो एका जागी राहून तिथल्या बातम्या ठरलेल्या वृत्तपत्राला पाठवत राहतो, आणि छापून येईल त्या मजकुराप्रमाणे पैसे घेतो. छापलेल्या स्तंभांची लांबी दोरीने मोजायचे म्हणून स्ट्रिंगर, असं सांगतात. टाचण यांच्या जाहिरातीत बातमी आणि फीचर दोन्ही आहे. म्हणजे सकाळी पत्रकार परिषदेला जाऊन संध्याकाळच्या आत चारशे शब्द देणारा, आणि त्याच विषयावर पुढे पंधरवडाभर कागदपत्रं चाळून, माणसांना भेटून अडीच हजार शब्द लिहिणारा असा एकच माणूस त्यांना हवाय. एक हात घाईचा, एक सावकाशीचा. दोन्ही जमणारे थोडे असतात. त्या जाहिरातीत ‘अनुभवी’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याच्याकडे कुणी बघत नाहीये.

जुना खिळा
आधी मूळ शब्द तर बघू. वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ या १८१९च्या कादंबरीत भाडोत्री घोडेस्वारांचा म्होरक्या सांगतो की मी माझ्या ‘फ्री लान्सेस’ची चाकरी राजाला देऊ केली होती. लान्स म्हणजे भाला. ज्यांचा भाला कुठल्याही सरदाराला वाहिलेला नाही ते फ्री लान्स. फुकटाशी संबंध नाही, विचारस्वातंत्र्याशीही नाही.

आता आपल्या घोडदळात बघा. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळायचं. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला यायचा. कार्यालयाचा कॅमेरा, कार्यालयाची गाडी, कार्यालयाचं ओळखपत्र घेऊन फिरणारा तो बारगीर, आणि हे सगळं पदरचं वापरणारा तो शिलेदार. इतका तंतोतंत शब्द घरात असताना ‘मुक्त’ आणि ‘स्वतंत्र’ यांत का घुटमळायचं? ‘शिलेदार पत्रकार’ लिहा.

परशू
‘सिलाह’ अरबी, ‘दार’ फारसी. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो राज्यकारभारातले असले शब्द काढून संस्कृत शब्द आणण्यासाठीच ना? साडेतीनशे वर्षांनी आपण उलट दिशेने का चालायचं?

जुना खिळा
कोश झाला, त्यात चौदाशेच्या आसपास शब्द दिले गेले, आणि तरीही फौजेत शिलेदार शिलेदारच राहिला, बारगीर बारगीरच. इतका की बंगालमध्ये मराठी स्वारांचं नावच ‘बर्गी’ पडलं. कोशाबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण या चर्चेतच बघा ना: मसुदा, मजकूर, मुदत, जाहिरात, हे सगळे तिकडूनच आलेले. ‘बातमीदार’मधला ‘दार’सुद्धा. हे शब्द काढले तर वृत्तपत्राच्या कचेरीत बोलायचं कसं?

परशू
सावरकरांनी दिनांक, क्रमांक, महापौर दिले तेव्हाही लोक हेच म्हणत होते. वापरले म्हणून रुळले. प्रत्येक शब्द वापरण्याआधी परकाच वाटतो. माझा विरोध ‘मजकूर’ला नाहीच, तो आपला झाला. नव्याने घडवायचं असेल तेव्हा तरी संस्कृत धातूकडे जा, एवढंच म्हणणं आहे.

ओवी
शुद्ध-अशुद्ध बाजूला ठेवा, ‘शिलेदार’चा आजचा अर्थ बघा. ‘अमुक नेत्याचे खंदे शिलेदार’ हा मथळा निवडणुकीत रोज असतो. म्हणजे एकनिष्ठ, साहेबांसाठी लढणारा. जुना खिळा म्हणतात त्याच्या बरोबर उलटा. जाहिरातीत ‘शिलेदार पत्रकार हवा’ वाचून कुणालाही वाटेल की संस्थेची बाजू मांडायला माणूस शोधताहेत. इतिहासात शब्द बरोबर होता हे मान्य, पण वाचणारा आज वाचणार आहे.

निळावंती
ओवी, अगदी बरोबर. आणि शब्द कुठलाही ठरो, पुढच्या ओळीत ‘योग्य मानधन दिले जाईल’ हे कृपा करून नको. ‘योग्य’ कुणाच्या मते? एका नियतकालिकाने विषय सांगून माझ्याकडून लेख लिहून घेतला, महिनोन्महिने ठेवून घेतला, मग विषय शिळा झाल्याचं कळवलं. पैशांचं विचारलं तर उत्तर आलं की मानधन छापून आल्यावर. प्रवास माझ्या खर्चाने झालेला, मुलाखती दिलेली माणसं आजही मला विचारतात. ‘मोबदला’ लिहा आणि आकडा लिहा. मानधन म्हटलं की देणाऱ्याला ते उपकारासारखं वाटायला लागतं.

समासचक्र
मानधनाची गंमत मूळ संस्कृतातच आहे. तिथे तो पैसा नव्हेच, तो बहुव्रीही आहे: मान हेच ज्याचं धन तो मानधन. भारवीच्या ‘किरातार्जुनीय’ या संस्कृत महाकाव्यात पहिल्याच सर्गात वनेचर, म्हणजे युधिष्ठिराचा वनवासी हेर, दुर्योधनाच्या योद्ध्यांचं वर्णन करतो, ‘महौजसो मानधना धनार्चिताः’. मान हेच धन मानणारे आणि त्याशिवाय धन देऊन गौरवलेले. भारवीला दोन्ही शब्द लागले, कारण पहिल्यात दुसरं येत नाही हे त्याला ठाऊक होतं. आपण मराठीत बहुव्रीहीचा मध्यमपदलोपी केला, ‘मानाने दिलेलं धन’, आणि धनार्चित गाळून टाकलं. निळावंतीताईंच्या तक्रारीचं व्याकरण हे असं आहे.

परशू
समासचक्र, फार सुंदर. ‘पारिश्रमिक’ का नको मग? परिश्रमाचं ते पारिश्रमिक, उपकाराचा वासही नाही.

ओवी
हिंदी वाटतो. मोबदलाच.

टाचण
वाचतोय सगळं, पण ‘नेमणे’चं काय? ते उद्या द्यायचं आहे.

ओवी
‘नेमणे’ काढा, बाईंचं बरोबर आहे. एका कामापुरता माणूस घेतो तेव्हा आपण ‘ठरवतो’. छायाचित्रकार ठरवला, गाडी ठरवली, वकील ठरवला. ‘लावतो’ म्हटलं की मजूर आठवतो, ‘ठेवतो’ म्हटलं की नोकर. पत्रकार ‘ठरवायला’ काय हरकत आहे?

जुना खिळा
बोलताना चालेल, जाहिरातीत ‘पत्रकार ठरवणे आहे’ वाचवणार नाही. एक शब्द मात्र अगदी जवळचा होता आणि तो आपण गमावला: सुपारी. नाटकाची, तमाशाची सुपारी म्हणजे ठरलेल्या दिवशी ठरलेला प्रयोग करायचा करार, विसार घेऊन. कलावंत स्वतंत्र, काम बांधलेलं. ‘असाइनमेंट’चा आत्मा त्यात होता. मग गुन्हेगारीच्या बातम्यांनी तो पळवला, आणि ‘सुपारी घेऊन लिहिणारा’ ही तर आता पत्रकाराला दिलेली शिवी आहे.

जाहिरातीत मी ‘काम सोपवणे’ वापरेन. सोपवण्यात दोन्ही बाजू बांधल्या जातात. ‘साभार परत’ हा आपल्या नियतकालिकांचा जुना शेरा आहे ना, तो आपणहून पाठवलेल्या लेखासाठी. त्यात कुणावर अन्याय नाही, लेखकाने स्वतःच्या जबाबदारीवर लिहिलं, संपादकाला नको होतं. पण सोपवलेलं काम साभार परत करता येत नाही. विषय तुम्ही दिला, मुदत तुम्ही दिली, माणसाने ती पाळली, तर छापा अथवा न छापा, काही रक्कम देणं लागतं. बाहेर त्याला किल फी म्हणतात. आपल्याकडे शब्दच नाही, म्हणून मागताही येत नाही.

समासचक्र
‘नापसंती-शुल्क’?

ओवी
कुणी म्हणणार नाही.

परशू
‘नापसंती’ फारसी आहे. ‘अस्वीकृती-शुल्क’.

निळावंती
ते तर मुळीच कुणी म्हणणार नाही. करारात साधं वाक्य लिहा, ‘लेख प्रसिद्ध न झाल्यास ठरलेल्या मोबदल्याचा निम्मा भाग दिला जाईल.’ शब्द सापडेपर्यंत वाक्य पुरतं.

आणि करार निघालाच आहे तर हक्कांचं एक वाक्य हवं. पगारी पत्रकाराने कामाचा भाग म्हणून लिहिलेलं बहुधा मालकाचं असतं. बाहेरच्या पत्रकाराने लिहिलेलं मुळात त्याचंच, आणि त्याने लिहून दिलं तेवढंच देणाऱ्याकडे जातं. ‘न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध टासिनी’ हा खटला यावरच झाला. फ्रीलान्सरांनी छापील अंकासाठी दिलेले लेख प्रकाशकांनी त्यांना न विचारता संगणकीय संग्रहांत घातले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली, सात विरुद्ध दोन, लेखकांच्या बाजूने निकाल दिला. छापील अंकाची परवानगी म्हणजे सगळीकडची परवानगी नव्हे. म्हणून लेख कुठे वापरणार, किती काळ, दुसरीकडे द्यायची मुभा आहे का, हे काम सोपवतानाच लिहा. टाचण, हे जाहिरातीत नको, पण संस्थेला जरूर सांगा. या बाबतीत ‘मुक्त’ की ‘स्वतंत्र’ याने काहीच फरक पडत नाही.

समासचक्र
‘वृत्तलेख’बद्दल कुणीच बोललं नाही. आकाशवाणी फीचरला ‘रूपक’ म्हणते, तो मला फार आवडतो. फीचर हा शब्द लॅटिन ‘फाक्तुरा’वरून आला, घडवणं, घडण. बातमी मिळते, फीचर घडवावं लागतं. रूपकात रूप देणं आहे.

ओवी
छापील मजकुराला ‘रूपक’ म्हटलं तर वाचक अलंकार शोधेल. आणि ‘वृत्तलेख’ म्हणजे बातमीवर आधारलेला लेख. फीचर बातमीवर आधारलेलं असलंच पाहिजे असं नाही. आमच्याकडे सरळ ‘फीचर’ म्हणतात, अनेकवचन ‘फीचरं’.

निळावंती
‘अनुभवी’कडे येता का कुणी? किती वर्षं हे विचारून काही कळत नाही. वर्षानुवर्षं नुसत्या पत्रकार परिषदा केलेल्याला लांब लेख बांधता येईलच असं नाही. जाहिरातीत कात्रणं मागवा: एक त्याच दिवशी दिलेली बातमी, एक दीर्घ लेख. आणि लेख संपादनाआधीचा, त्याने पाठवलेला तसा मागा. छापून आलेल्या लेखात उपसंपादकाचे हात किती लागलेत ते बाहेरून दिसत नाही.

जुना खिळा
हे सोनं आहे. आणि ‘अनुभवी’ऐवजी ‘मुरब्बी’ लिहा. मुरलेला तो मुरब्बी.

परशू
मुरब्बीचा मुरण्याशी संबंध नाही. अरबीत मुरब्बी म्हणजे सांभाळणारा, वाढवणारा, पालक. गुजरातीत वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना अजून ‘मुरब्बी’ लिहितात, तो खरा अर्थ. मुरब्बी पत्रकार म्हणजे नवख्यांना घडवणारा.

जुना खिळा
मराठीत ‘मुरब्बी राजकारणी’ कुणाला घडवत नाही, तरी मुरब्बीच असतो. शब्द इथे आल्यावर ‘मुरणे’ने त्याला ओढून घेतला, आणि आता तो आमचा आहे. ‘मजकूर’ला तुम्ही आपला म्हणालात, मग याला का नाही?

परशू
‘मजकूर’चा अर्थ आपण वापरून बदलला. ‘मुरब्बी’चा चुकीच्या व्युत्पत्तीने बदलला. फरक आहे.

समासचक्र
फरक खरंच आहे का? ‘मानधन’चं आपण काय केलं मग?