‘सगळं नेटवर फुकट आहे, मग रडता कशाला?’ – या पोस्टला उत्तर

दोनशिक्षकी
काल आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटावर एक पोस्ट फिरत फिरत आली. लिहिणारे कुणी आयटीतले गृहस्थ असावेत. मथितार्थ असा: सरकारचं दीक्षा ॲप आहे, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत, यूट्यूब आहे, जगातलं उत्तमोत्तम साहित्य फुकट पडलंय, तरी जिल्हा परिषदेचा मास्तर ‘साहित्य नाही, अनुदान नाही’ म्हणून गळा काढतो. शेवटचं वाक्य: ‘आता वाईट शिकवायला सबब उरलेली नाही.’ खाली अंगठ्यांची रांग, आणि त्या रांगेत मीच बाराखडी शिकवलेले दोघं.

तर या फुकटचा हिशोब मांडतो. शाळा पहिली ते चौथी, पोरं ३१, शिक्षक दोन. माझ्याकडे तिसरी-चौथी मिळून १७. मागच्या आठवड्यात भागाकाराची एक झकास कार्यपत्रिका सापडली. फुकट. छापायची कुठे? शाळेच्या प्रिंटरची शाई दिवाळीपासून संपलीय. फाट्यावरचा झेरॉक्सवाला पानाला दोन रुपये घेतो. एका पानाचे ३४ झाले. आठवड्याला तीनच पानं धरली तरी शंभरावर गेलं, तेही माझ्या खिशातून. सर्व शिक्षा अभियानात शिक्षकामागे वर्षाला ५०० रुपये साहित्याला यायचे, तेव्हा आम्ही त्या पाचशेची चेष्टा करायचो. आता आठवण येते.

व्हिडिओ म्हणाल तर रेंज पाण्याच्या टाकीजवळ. रात्री घरी उतरवून घ्यायचा, फोन माझा, रिचार्ज माझा. सहा मिनिटांचा धड व्हिडिओ शोधायला पाऊण तास जातो, कारण आधीच्या चारांत दीड मिनिट ‘मित्रांनो, चॅनेलला सबस्क्राईब करा’ चाललेलं असतं. लोकवर्गणीतून टीव्ही घेतलाय. तिसरीला टीव्ही लावला की चौथीही टीव्हीच बघते आणि तिची गणितं राहतात. हे एकदा वर्गात मागे बसून बघा, मग सबबीचं बोला.

पुणेकर_पालक
ती पोस्ट मी वाचलीय आणि ती चुकीची वाटत नाही. राग आला तर येऊ द्या. माझी मुलगी सातवीत, शाळा खाजगी, फी विचारू नका. विद्युत परिपथ शिकवताना बाईंनी फळ्यावर बल्ब काढला आणि ‘उतरवून घ्या’ म्हणाल्या. संपला धडा. घरी मी तिला कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट, म्हणजे पडद्यावर प्रयोग करून बघायची सिम्युलेशनं, उघडून दिलं. नोबेल मिळालेल्या कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला प्रकल्प आहे. पोरीने तासभर तारा जोडल्या, बल्ब पेटवला, बॅटऱ्या वाढवून जाळ काढला. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं की दोन बल्ब एकामागे एक जोडले तर उजेड कमी का होतो. बाई म्हणाल्या, पोर्शनमध्ये नाही.

यातली बरीच सिम्युलेशनं मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतली की नेट लागत नाही. म्हणजे तुमची पाण्याची टाकी आड येत नाही. त्या बाईंना तर वायफाय, प्रोजेक्टर, एसी, सगळं आहे. त्यांची सबब कोणती?

दोनशिक्षकी
पुणेकर, तुमची तक्रार तुमच्या फीवाल्या शाळेबद्दल आहे. पावती तिकडची आणि वसुली माझ्याकडून, असं करू नका.

तंत्रस्नेही
दोघांचंही थोडं थोडं खरं. मी बारा वर्षं जि. प. मध्येच आहे. माझ्या पेनड्राइव्हमध्ये गणिताचं जिओजेब्रा आहे, फेटच्या फाइली आहेत, स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी आहेत. शोधायला पाऊण तास लागतो हे मान्य, पण तो एकदाच लागतो. पुढल्या वर्षी तीच फाइल चालते. आपल्यातले काही जण दरवर्षी नव्याने पाऊण तास रडतात.

पण फुकट साहित्याचं खरं दुखणं वेगळंच आहे, आणि त्यावर कुणी बोलत नाही. पाच वर्षं रात्री जागून मी तिसरी-चौथीच्या जवळपास दोनशे कार्यपत्रिका केल्या आणि गटांवर फुकट वाटल्या. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव, एवढीच हौस. गेल्या जूनमध्ये त्याच पानांवर दुसऱ्याच कुणाचं नाव आणि फेटेवाल्या मास्तरांचा लोगो! वर ‘संपूर्ण संच फक्त ४९ रुपये’. चौथीच्या पानात मी एक चूक करून ठेवली होती, ५६ भागिले ७ चं उत्तर उत्तरसूचीत ९ पडलं होतं. ती चूकसुद्धा ४९ रुपयांत आलीय. फोन केला तर म्हणतो, ‘सर, ज्ञान वाटल्याने वाढतं.’

कोपऱ्यातला
भागाकार कच्चा असलेल्या चोराला माझा नमस्कार.

पहिलीची_बाई
मी सहसा लिहीत नाही, पण फुकट कार्यपत्रिकांचा विषय निघालाय म्हणून. कुठल्या कुठल्या संकेतस्थळांवरून मुळाक्षरं गिरवायची पानं गटावर येतात. रंगीत, देखणी. आणि त्यातला ल हिंदीतला! उभ्या दंडाचा. पुस्तकात पाकळीचा ल, फळ्यावर मी काढते तो पाकळीचा, आणि गिरवायला दंडाचा. श चंही तेच, आपला देठाचा, यांचा गाठीचा. ५ आणि ८ वेगळ्याच वळणाचे. आणि ळ? तो बहुतेक पानांवर नसतोच. परवा एका मुलाने पान वर धरून विचारलं, ‘बाई, ह्यो कोन?’ काय सांगू?

पुणेकर_पालक
ल च्या दंडावरून कुणाचं आयुष्य अडल्याचं ऐकलं नाही. मुलं दोन्ही ओळखायला शिकतात. मी शिकलोच की.

शाईपेन
तुम्ही शिकलात, कारण आधी एक पक्का झाला होता. पहिलीतल्या लेकराला एकही पक्का नसतो. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ चा निर्णय काढून वर्णमाला ठरवून दिली, त्यात ल पाकळीयुक्त, श देठयुक्त. तो कुणी वाचायचा? मी मुख्याध्यापक असताना वर्गात दंडाचा ल दिसला की फळा पुसायला लावत असे. लोक हसायचे.

तंत्रस्नेही
सर, आदर आहे, पण फळे पुसून हे सुटत नाही. अक्षर एकच असतं, आकार फॉन्ट ठरवतो. फाइलची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली की काही फॉन्ट आपोआप पाकळीचा ल दाखवतात. नाहीतर राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे, गूगल फॉन्ट्सवर तिरो देवनागरी मराठी आहे. दोन्ही फुकट. बाई, मूळ फाइल मागवा, दोन मिनिटांचं काम आहे.

पहिलीची_बाई
मूळ फाइल कोण देतं? गटावर येते ती पीडीएफ, तीही कुणीतरी मोबाईलवर फोटो काढून केलेली, कोपऱ्यात अंगठा दिसतो.

हडसनकाठ
न्यू जर्सीहून. आमची मराठी शाळा रविवारी सकाळी एका भाड्याच्या हॉलमध्ये भरते, शिकवणारे सगळे आईबाप. आम्हाला बालभारतीची पीडीएफ पुस्तकं फुकट मिळतात याचं मोल इथे बसून नाही कळायचं. पूर्वी भारतात जाणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत दहा पुस्तकांची जागा मागायचो. आमच्या मुलांना दोन्ही ल सारखेच परके, त्यामुळे त्यावर वाद घालणं थोडं चैनीचं वाटतं.

शाईपेन
चैन? बाई, तुम्ही आठवड्यातून दोन तास हौसेने शिकवता. इथे पहिलीची बाई दिवसाला सहा तास, पोषण आहाराचे फोटो अपलोड करत करत, मतदार यादी सांभाळत शिकवते. तिच्या ल ला चैन म्हणू नये.

हडसनकाठ
हौस म्हणून हिणवायचं असेल तर हिणवा. त्या दोन तासांसाठी बारा वर्षांच्या मुलाला बेसबॉल सोडून आणायचं असतं. तुमच्या वर्गात मूल न आल्यास गैरहजेरी लागते, माझ्या वर्गात न आल्यास शाळा बंद पडते. आणि आम्ही हिंदी पानं वापरत नाही, स्वतः हाताने काढतो. पाकळीचा ल.

शाईपेन
पाकळीचा काढता हे आधी सांगायचं. मग आमचं भांडण नाही.

कोपऱ्यातला
गंमत सांगू का? माझ्या फोनवर या धाग्यातले सगळेच ल दंडाचे दिसतायत. शाईपेन सरांचेसुद्धा.

शाईपेन
तुमचा फोन बदला.

धडगावकर
वाचतोय मघापासून. आमच्याकडे ल चा दंड फार पुढची गोष्ट. पोरांची घरची भाषा पावरी, आदिवासी बोली. त्या देखण्या पानावर ‘इ’ला इमारत असते. मी चित्र दाखवलं, पोरगं म्हणालं, ‘दवाखाना’. बरोबरच आहे त्याचं. त्याने आयुष्यात पाहिलेली एकमेव पक्की दुमजली वास्तू तीच. आता ‘दवाखाना’ला इ कुठून आणू?

फुकट साहित्य शहरातल्या घरातून बघून केलेलं असतं. फ्रीज, लिफ्ट, आइस्क्रीम. तरी एक सांगतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टींचा परवाना खुला आहे, भाषांतर करा, छापा, कुणाला विचारायला नको, फक्त मूळ लेखक-चित्रकाराचं नाव ठेवायचं. तिथली एक बारा पानांची गोष्ट घेतली. सातवीतली एक मुलगी पावरीत सांगत गेली, मी फोनवर आवाज मुद्रित केला. तिने सांगताना गोष्टीतली बस काढून टाकली आणि जीप घातली, कारण आमच्याकडे बस येत नाही. जीपच्या टपावर बसलेली माणसंही घातली. पहिलीची पोरं ती गोष्ट इतक्यांदा ऐकतात की मला पाठ झालीय. खर्च शून्य. एवढंच.

दोनशिक्षकी
धडगावकर, तुमच्यापुढे माझं टाकीचं रडगाणं जरा आवरतो. पण ‘खर्च शून्य’ म्हणू नका. तुमची संध्याकाळ गेली, फोन गेला, त्या मुलीचा वेळ गेला. हेच शून्य धरलं जातं म्हणून तर त्या आयटीवाल्याला सबब दिसते.

पुणेकर_पालक
बरं, मान्य. शिक्षकाचा वेळ फुकट नाही. पण मग तो वेळ ज्याच्याकडे आहे, पगार आहे, प्रोजेक्टर आहे, त्यानेही काही करू नये? याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. सगळे ल मध्ये अडकले.

तंत्रस्नेही
त्याचं उत्तर तुमच्या मुलीच्या शाळेच्या पालक सभेत मागा ना. तिथे तोंड उघडायला फीची भीती वाटते, आणि इथे जि. प. च्या मास्तराला झोडायला काही लागत नाही.

पुणेकर_पालक
हे वैयक्तिक झालं.

तंत्रस्नेही
झालं. ४९ रुपयांचा राग अजून उतरला नाही, तुमच्यावर निघाला. मुद्दा मागे घेत नाही, सूर मागे घेतो.

शाईपेन
आता म्हाताऱ्याचं एक ऐका. नेट नव्हतं तेव्हाही फुकटचं साहित्य होतं. साध्या वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांचं काडेपेटीच्या काड्यांचं काम एका प्रशिक्षणात पाहिलं, सायक्लोस्टाइल केलेली चार पानं हाती पडली. काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, बास. चौथीच्या वर्गात पोरांनी त्रिकोण जोडला, दाबला, हलेना. चौकोन जोडला, दाबला, लगेच वाकडा. एक पोरगं आडवी काडी घालायला गेलं तर ती आखूड पडली. मग त्याने दोन काड्या जोडून, जास्तीची कापून कर्ण बसवला आणि ओरडलं, ‘गुरुजी, आमच्या छपराला अशीच लाकडं हायेत!’ मी काही बोललो नाही. त्या दिवशी इन्स्पेक्शन होतं आणि साहेबांनी शेरा मारला की वर्गात ज्वालाग्राही वस्तू आढळल्या.

ते सगळं आता गुप्तांच्या संकेतस्थळावर फुकट आहे, चित्रफिती आहेत, मराठी पुस्तकं आहेत. मी तिथे महिन्यातून दोनदा जातो. मान्य करायला जड जातं, पण माझ्या चार फाटक्या पानांपेक्षा ते बरं आहे.

दोनशिक्षकी
सर, हे चालेल आमच्याकडे. छापायला काही नाही, रेंज लागत नाही, आणि चौथी काड्या जोडत बसली की तिसरीला शिकवता येईल. काड्यांचं गुल काढून टाकायचं का?

शाईपेन
ब्लेडने आधीच खरवडून टाका. पोरांच्या हातात ब्लेड नको, रात्री तुम्हीच करा. १७ पोरांना काड्या मोजून ठेवा, नाहीतर त्रिकोणावरून मारामाऱ्या होतात.

कोपऱ्यातला
म्हणजे परत रात्री मास्तरच जागणार.

पुणेकर_पालक
व्हॉल्व्ह ट्यूब कुठे मिळते? इकडच्या सायकलवाल्याने मला गिअरचं माहितीपत्रक दिलं.

दोनशिक्षकी
आमच्या फाट्यावर मिळते, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी. पत्ता कळवा, पाठवतो. पोस्टाचा खर्च तुमच्याकडे.