उद्धरणांच्या आकड्यापेक्षा मोठं काम

दादा, हवामान धोरणाचे अभ्यासक नवरोझ दुबाश यांचे शोधनिबंध किती का उद्धृत होईनात, ठाण्यातल्या माणसाला त्याचं काय, असं तुम्ही विचारलंत. मला हे पटत नाही. २०२२च्या आयपीसीसी (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची तज्ज्ञ समिती) अहवालात राष्ट्रीय धोरणं आणि संस्थांवरच्या प्रकरणाचे ते एक समन्वयक लेखक होते, हा मान आहेच. पण मी त्यांना मानतो ते 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तल्या २०१३च्या लेखासाठी. सहलेखकांत ऊर्जा धोरणावर काम करणाऱ्या पुण्याच्या 'प्रयास' संस्थेचे गिरीश संत होते. लेख छापून आला तेव्हा ते हयात नव्हते, याची अजून हळहळ वाटते.

लेखाचं म्हणणं असं, की हवामानाचं धोरण नुसतं कार्बन उत्सर्जन किती घटलं यावर जोखू नका. आर्थिक वाढ, गोरगरिबांचा वाटा, स्थानिक पर्यावरण हेही त्याच वेळी तपासा.

ठाण्यातल्या माणसाला त्याचं काय, ते आमच्या घरातच दिसलं. आमच्या कळव्याच्या घरात ७५ वॉटचा जुना पंखा काढून २८ वॉटचा लावला. मे महिन्यात रात्रभर चालतो, वारा तेवढाच. आईला कार्बन समजावायची वेळच आली नाही, तिने दोन बिलं शेजारी ठेवून पाहिली. लेख वाचायचा असेल तर सांगा, माझ्याकडची झेरॉक्स रविवारी तलावपाळीला घेऊन येतो.