विषय : हाउन्स्लोच्या घरातील आवाज – खिडक्या बदलाव्यात की भिंत?

सस्नेह नमस्कार मंडळी,

लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळच्या हाउन्स्लोमधील आमचे घर १९३० च्या दशकातील सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असलेले आहे. पहाटे साडेचारच्या सुमारास हीथ्रोवर विमाने उतरू लागतात आणि सासूबाईंची झोप मोडते. रात्री सामाईक भिंतीतून शेजाऱ्यांचा टीव्ही इतका स्पष्ट ऐकू येतो की बातम्यांचे मथळेसुद्धा समजतात. अर्थात आमचे चिरंजीव तबला शिकत आहेत आणि शेजारीही ते मुकाट्याने सोसत आहेत, तेव्हा तक्रार करायला तोंड नाही. एक कंत्राटदार भिंतीवर फोमचे चौकोन लावा म्हणतो, दुसरा सगळ्या खिडक्यांना तिहेरी काच बसवा म्हणतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

– हाउन्स्लोची एक सभासद

———

ताई, नमस्कार.

माझे काम इमारतींच्या ध्वनिरोधनाचेच असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

फोमवर एक पौंडही खर्च करू नका. फोमने खोलीतल्या खोलीतला घुमारा कमी होतो, म्हणून तो ध्वनिमुद्रणाच्या खोलीत शोभतो. भिंतीपलीकडून येणारा आवाज अडवायला वजन लागते आणि फोमला ते नसते. मात्र वजनाचाही हिशोब सरळ नाही. भिंतीचे वजन दुप्पट केले तर जेमतेम पाच-सहा डेसिबल वाचतात आणि आवाज कानाला निम्मा वाटण्यासाठी साधारण दहा डेसिबलची घट लागते. आपली नऊ इंची विटांची भिंत चौरस मीटरला चारशे किलोच्या आसपास भरते, तर १५ मिमी जाडीचा ध्वनिरोधक प्लास्टरबोर्ड बारा-तेरा किलोंचा असतो. तो जुन्या भिंतीला नुसता चिकटवून काय साधणार? म्हणून नवी भिंत जुनीला कोठेही न टेकता स्वतंत्र चौकटीवर उभी करतात, मधल्या पोकळीत मिनरल वूल (खनिज तंतूंची लोकर) भरतात, त्यावर बोर्डाचे दोन थर सांधे एकमेकांवर येणार नाहीत असे बसवतात आणि चारही कडा कधीही कडक न होणाऱ्या सीलंटने बंद करतात. खोली दहा-बारा सेंटिमीटरने अरुंद होते, पण फरक जाणवतो तो अशा कामानेच.

तथापि, त्याआधी फटी शोधाव्यात. चांगल्या भिंतीत एक टक्का जागा जरी उघडी राहिली, तरी त्या भिंतीकडून वीस डेसिबलपेक्षा जास्त अडवणुकीची अपेक्षा ठेवता येत नाही, मग बाकीचे बांधकाम कितीही भक्कम असो. तुमच्यासारख्या १९३० च्या दशकातील घरांत जमिनीच्या तुळया अनेकदा सामाईक भिंतीतच रोवलेल्या असतात आणि त्यांच्याभोवतीचा चुना गळून भोके पडलेली असतात. भिंतीलगतची फळी उचलून ती भोके गिलाव्याने बुजवली, की टीव्हीचा बराचसा त्रास तेथेच कमी होऊ शकतो. वाऱ्याच्या दिवशी पेटती उदबत्ती स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीच्या) कडेने, सॉकेटच्या चौकटीजवळून आणि बंद केलेल्या फायरप्लेसच्या जाळीसमोरून सावकाश फिरवा; धूर जेथे हलतो, तेथून आवाजालाही वाट आहे असे समजा. मात्र गॅसची शेगडी किंवा जुना बॉयलर असलेल्या खोलीतील हवेची जाळी कदापि बुजवू नये.

विमानांची गोष्ट वेगळी. तो आवाज वरून येतो, त्यामुळे सासूबाईंची खोली वरच्या मजल्यावर असल्यास छत हे खिडकीइतकेच दोषी असते. पोटमाळ्यात मिनरल वूलचा जाड थर घालावा आणि त्याच्या झडपेला जड झाकण व रबराची पट्टी लावावी. खिडकीसाठी मी तिहेरी काच सुचवणार नाही, कारण तिची खरी कमाई उष्णता वाचवण्यात आहे. विमानाचा जडशीळ घोंगावता आवाज अडवायला दोन काचांमध्ये अंतर हवे. सध्याची खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूला १०० ते २०० मिमी अंतरावर वेगळ्या जाडीची, शक्यतो लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेल्या) काचेची दुय्यम खिडकी बसवावी. आग लागल्यास बाहेर पडता यावे म्हणून ती सहज उघडणारी असावी. खिडकीच्या माथ्यावर वायुवीजनाची चीर असेल, तर तेथे ध्वनिरोधक प्रकारची बसवून घ्या, नाहीतर सगळा खर्च त्या चिरेतून निघून जाईल.

चिरंजीवांचा सराव बंद करू नका. चाटीचा टणत्कार भिंत बऱ्यापैकी अडवते, पण डग्ग्याचा खर्ज जमिनीतूनही जातो. प्लायवूडच्या दोन थरांचा छोटा चौथरा जाड रबराच्या तुकड्यांवर ठेवून त्यावर बसवा आणि सामाईक भिंतीपासून लांबची खोली द्या. स्वयंपाकघरातला मिक्सरही त्या भिंतीला टेकलेल्या ओट्यावर असेल तर हलवावा. तो शेजाऱ्यांना आपल्या अंदाजापेक्षा जास्त ऐकू जात असतो.

– स्लाव येथील सभासद

———

मंडळी, नमस्कार.

वरील पत्राला कायद्याची एक पुरवणी जोडतो, कारण आपल्या गटातील बरेच जण जुन्या फ्लॅटमध्ये राहतात. नव्या घरांच्या सामाईक भिंतींसाठी किमान ४५ डेसिबल आवाज अडवण्याचा निकष इंग्लंडमध्ये २००३ पासून लागू आहे. जुन्या घराच्या मालकाला मात्र तो मागाहून पाळावा लागत नाही. १९९९ मध्ये लंडनमधील सदर्कच्या भाडेकरूंच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने) असा निर्णय दिला, की शेजाऱ्यांच्या रोजच्या साध्या वावराचा आवाज हा कायद्याने उपद्रव ठरत नाही, भिंती कितीही पातळ असल्या तरी. रात्री अकरानंतरचा धिंगाणा वेगळा. त्यासाठी कौन्सिलकडे दाद मागता येते.

म्हणून वरच्या मजल्यावर कोणी गालिचा काढून लॅमिनेटची कडक जमीन घातली असेल, तर आधी आपल्या आणि त्यांच्या लीजमध्ये (फ्लॅटच्या दीर्घ भाडेकरारात) गालिच्याची अट आहे का, ते वाचावे. पुष्कळ लीजमध्ये ती असते आणि असल्यास फ्रीहोल्डरला (इमारतीच्या मूळ मालकाला) लेखी पत्र देऊन ती पाळायला लावता येते. पावलांचा आवाज खालून छत जाड करून नीटसा थांबत नाही. तो वरच्या जमिनीवरच थांबवावा लागतो.

– क्रॉयडनचा एक सभासद