न्यूरोब्लास्टोमा पेशी १ टक्का ऑक्सिजनमध्ये ठेवूनही हिफ-१ अल्फा का दिसत नाही?

प्रश्न
एसके-एन-बीई(२)सी या न्यूरोब्लास्टोमाच्या (लहान मुलांच्या चेतापेशींच्या कर्करोगाच्या) पेशी १ टक्का ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि बाकी नायट्रोजन अशा चेंबरमध्ये ७२ तास ठेवल्या. हिफच्या हुकमावर चालणाऱ्या व्हीईजीएफ या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या जनुकाचा आरएनए चांगला वाढलाय, पण वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) हिफ-१ अल्फा, म्हणजे ऑक्सिजन कमी पडला की साठणारं प्रथिन, जवळजवळ नाहीच. डिश बाहेर काढून बर्फावर ठेवतो, पीबीएसने (मिठाच्या बफरने) दोनदा धुतो, मग पेशी फोडायला आरआयपीए बफर घालतो. अँटिबॉडी खराब आहे की चेंबर गळतंय?

उत्तर १
चेंबर गळत असतं तर व्हीईजीएफ वाढलाच नसता. आधी घड्याळाकडे बघा. ऑक्सिजन मिळाला की पीएचडी२ एन्झाइम हिफ-१ अल्फाच्या ४०२ आणि ५६४ क्रमांकाच्या प्रोलीन या अमिनो आम्लांवर हायड्रॉक्सिल गट चढवतं, व्हीएचएल प्रथिन ती खूण ओळखतं आणि प्रोटिआसोम (पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र) हिफचा फडशा पाडतो. हवा लागल्यावर निम्मं प्रथिन साधारण पाच मिनिटांत संपतं. बर्फाने वेग मंदावतो, पण प्लॅस्टिकमधून थंडावा पेशींपर्यंत पोचायलाही वेळ लागतोच.

दुसरं, ७२ तास हीच वेळ चुकीची आहे. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या गटाने २००६ मध्ये नेमक्या याच पेशींवर दाखवलं की हिफ-१ अल्फा सुरुवातीच्या काही तासांत चढतं आणि मग ओसरतं. त्याचं भावंड प्रथिन हिफ-२ अल्फा मात्र हळूहळू साठत जातं आणि ५ टक्के ऑक्सिजनलाही टिकतं. तुमचा ७२ तासांचा व्हीईजीएफ बहुधा त्याच्याच जोरावर चाललाय. ४, २४ आणि ७२ तासांचे नमुने एकाच जेलवर चालवा, दोन्ही अँटिबॉडी लावा.

उत्तर २
लायसिस (पेशी फोडणं) चेंबरच्या आतच करा. पीबीएस आदल्या रात्री पसरट भांड्यात घालून आत ठेवा, म्हणजे त्यातला ऑक्सिजनही कमी होईल. उंच बाटलीत वायूची अदलाबदल फार हळू होते. या पेशी डिशला सैल चिकटतात, म्हणून एकदाच आणि कडेने धुवा, नाहीतर निम्म्या पेशी पीबीएसबरोबर वाहून जातील.

आरआयपीएऐवजी उकळता १ टक्का एसडीएस (प्रथिनं उलगडणारा डिटर्जंट) वापरा (१० मिलीमोलर ट्रिस, पीएच ७.५). एन्झाइमं तिथल्या तिथे मरतात आणि क्रोमॅटिनला (प्रथिनांसह गुंडाळलेल्या डीएनएला) चिकटलेलं प्रथिनही सुटतं. हा बफर बर्फावर ठेवू नका, एसडीएस पांढरा होऊन खाली बसतो. डीएनएमुळे नमुना चिकट होतो, तो बारीक सुईतून आठ-दहा वेळा ओढा. बँड ११०–१२० किलोडाल्टनला शोधा. आकडेमोडीने वजन ९३ येतं म्हणून तिथे शोधणारे बरेच जण खालच्या भलत्याच बँडला हिफ समजतात.

डिश ६०–७० टक्क्यांहून जास्त भरू देऊ नका. दाट पेशी स्वतःच ऑक्सिजन संपवतात आणि मग २१ टक्क्यांच्या कंट्रोलमध्येही हिफ दिसायला लागतं.

प्रश्नकर्ता
चेंबरऐवजी १०० मायक्रोमोलर कोबाल्ट क्लोराइड चालेल?

उत्तर ३
अँटिबॉडी तपासायला उत्तम: चार-सहा तास द्या, त्या लेनमध्ये बँड यायलाच हवा. पण त्यावरून ट्यूमरबद्दल काही बोलू नका. कोबाल्ट पीएचडी एन्झाइमचं लोहावर चालणारं काम अडवतो, पेशीला ऑक्सिजन मात्र मिळतच राहतो. कमी ऑक्सिजनमध्ये या पेशी परिपक्वतेच्या खुणा टाकून देतात आणि भ्रूणातल्या न्यूरल क्रेस्टसारख्या (ज्यातून पुढे चेतापेशी घडतात त्या पेशींसारख्या) दिसू लागतात, हे २००२ मध्ये याच लुंडच्या गटाने दाखवलं. तो बदल फक्त हिफचा बँड बघून कळत नाही.

हिफ-२ अल्फा दिसलं म्हणून त्याला लगेच खलनायकही ठरवू नका. २०१७ च्या एका अभ्यासात ज्या ट्यूमरमध्ये त्याचं जनुक ईपीएएस१ जास्त चालू होतं, त्या मुलांचा आजार तुलनेने सौम्य निघाला. सिंपथेटिक चेतापेशी (ज्यांच्या वंशातून हा ट्यूमर येतो) घडताना हे जनुक मुळातच चालू असतं, त्यामुळे ते ऑक्सिजनच्या टंचाईची खूण आहे की पेशीच्या वंशाची, हे नुसत्या रंगवलेल्या काचेवरून ठरत नाही. उंदरातल्या ट्यूमरवर काम करणार असाल तर पिमोनिडाझोल (कमी ऑक्सिजनच्या जागा दाखवणारं रसायन) ६० मिलिग्रॅम प्रति किलो पोटाच्या पोकळीत टोचून द्या आणि तासा-दीड तासाने ऊती काढा. ते ऑक्सिजनचा दाब सुमारे १० मिमी पाऱ्याखाली असलेल्या भागातच चिकटतं. शेजारच्या कापात हिफ-२ अल्फा रंगवलं आणि तो रंग पिमोनिडाझोल नसलेल्या, रक्तवाहिनीलगतच्या पेशींतही आला, तर तिथे ऑक्सिजनला कारण धरता येणार नाही.