माळ्यावर उदमांजराची पिल्लं : काय करावं?

प्रश्न: कौलं काढताना माळ्यावर कांडेचोराची (उदमांजराची) तीन पिल्लं सापडली. डोळे मिटलेले. आई पळाली. गाईचं दूध पाजू का?

उत्तर १: अजिबात नको. त्यातल्या लॅक्टोजनं (दुधातल्या साखरेनं) जुलाब होतात, अंगातलं पाणी कमी होऊन पिल्लू दगावतं. काम थांबवा. बुटक्या कडेच्या खोक्यात सुती कापडावर ठेवून पिल्लं त्याच जागी ठेवा. दिवे बंद, कुत्रा बांधलेला. अंधारात आई येऊन एकेकाला तोंडात धरून नेते.

उत्तर २: अंग गार लागलं तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. गारठलेल्याला काही पाजायचं नाही, पचत नाही. सकाळपर्यंत आई आली नाही तर वनविभागाला १९२६ वर कळवा.

उत्तर ३: पाळण्याचा विचारही नको, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. फटी पिल्लं गेल्यावरच बुजवा, नाहीतर आई बाहेर अडकेल.