नववीचं इंग्लिश लिटरेचर: गोष्ट सगळी पाठ आहे तरी मार्क जातायत, घरी कसं करून घ्यायचं?

ऐरोलीची_आई
नमस्कार. मुलगी यंदा नववीला, आयसीएसई. शेक्सपिअरच्या जूलियस सीझर नाटकाचे पहिले दोन अंक आहेत, शिवाय कविता आणि कथा. प्रत्येकाचा सारांश पाठ केलाय, क्लासच्या नोट्सही आहेत, झोपेतून उठवून विचारलं तरी कोण कोणाला काय म्हणालं ते सांगेल. पण टेस्टला २० पैकी ९, आणि खाली मॅडमचा शेरा की गोष्ट परत सांगितली आहे, प्रश्नाचं उत्तर नाही. खूप रडली. मला विचारते, आई मग अजून काय लिहायचं असतं? आणि मला सांगता आलं नाही, मी मराठी मीडियमची, ऑफिसात इंग्लिश चालवून नेते पण नाटक-कविता इंग्लिशमधून कधी शिकले नाही. अजून एक क्लास लावू का?

नौपाडा_टीचर
ताई, क्लास आत्ता नका लावू. मी बरीच वर्षं नववी-दहावीला हाच विषय शिकवला आणि हा शेरा मी स्वतः कितीतरी पेपरांवर लिहिलाय. सारांश काढला ना की कथा, कविता, नाटक तिन्ही सारखीच दिसायला लागतात, हे झालं मग ते झालं. आणि प्रश्न विचारतात तो नेमका सारांशात गळून गेलेल्या गोष्टीवर.

सीझरचा पहिलाच प्रवेश घ्या. सारांशात काय असतं, लोक कामधंदा सोडून सीझरचा विजय साजरा करायला निघालेत आणि दोन अधिकारी त्यांना हाकलतात. आता वाचू नका, पुस्तकातलं पान नुसतं बघा. अधिकाऱ्यांच्या बऱ्याचशा ओळी कवितेसारख्या तोडलेल्या, आणि मोच्याचं बोलणं गद्यात, समासापर्यंत सलग. शेक्सपिअरकडे मोठी माणसं बहुतेक वेळा पद्यात बोलतात, साधी माणसं गद्यात. पण इथे हा गद्यवाला मोचीच अधिकाऱ्यांना शब्दात फिरवतो! तो म्हणतो मी सोल दुरुस्त करतो, आणि इंग्लिशमध्ये बुटाचा सोल आणि आत्मा दोन्हीचा उच्चार एकच, त्यामुळे समोरच्याला कळेना हा बूट शिवतो का माणसं सुधारतो. हे डोळ्यांनी वाचून समजत नाही, कानावर पडलं की समजतं. म्हणून तुम्ही अधिकारी व्हा, तिला मोची करा आणि उभं राहून मोठ्याने वाचा, उच्चार कसे का असेनात.

आणि पद्याला तर अजिबात घाबरू नका. मनाचे श्लोक लहानपणी म्हटले असतीलच, ते भुजंगप्रयात वृत्तात, ओळीला १२ अक्षरं, लघु-गुरु-गुरु असं चारदा. शेक्सपिअरची ओळ साधारण १० अक्षरांची, हलकं-जोरकस असं पाचदा. फरक इतकाच की आपल्याकडे अक्षराला वेळ किती लागतो ते मोजतात, त्यांच्याकडे जोर कुठे पडतो ते. टाळी वाजवून म्हणा दोघी, दहा मिनिटांत बसेल.

कोपरखैरणे_अकरावी
काकू, मला पण नववीत असेच मार्क होते. नाईट मेल कविता तिला असेल तर सांगतो, ती ऑडेनने १९३६ मध्ये एका डॉक्युमेंटरीसाठी लिहिलेली, टपाल घेऊन स्कॉटलंडला जाणाऱ्या गाडीवर. मी नोट्समधून पाठ केलं होतं की रिदम ट्रेनसारखा आहे, पण म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मग एकदा ठाणे-वाशी लोकलमध्ये घणसोलीच्या पुढे मनातल्या मनात म्हणत होतो आणि एकदम चाकांच्या आवाजाला जुळली. चढावर ओळी दमाने जातात, पत्रांची यादी येते तिथे सुसाट सुटते, आणि शेवटी झोपलेली माणसं येतात तेव्हा परत हळू. हे मी माझ्या शब्दांत लिहिलं तेव्हा पहिल्यांदा पूर्ण मार्क मिळाले.

आणि टागोरांची होमकमिंग ही कथा, गावातून कलकत्त्याला मामाकडे राहायला आलेल्या फटिक नावाच्या मुलाची. नोट्समध्ये एवढंच की फटिक तापात बरळतो. पण काय बरळतो ते बघायला सांगा तिला. कलकत्त्याला येताना स्टीमरवर खलाशी पाण्याची खोली मोजून ओरडत होते, तेच तो तापात ओरडतो, म्हणजे आता पाण्यात तो स्वतः आहे आणि त्याला तळ लागत नाहीये. मला हे कळलं तेव्हा पुस्तक बंद करून बसलो होतो. बंगालीत कथेचं नाव छुटी आहे, सुट्टी. घरी कधी जायचं विचारलं की मामा म्हणायचा सुट्टी लागेपर्यंत थांब. दोन्ही नावं डोक्यात ठेवून शेवट परत वाचा काकू, तुम्ही पण वाचा.

खारघर_बाबा
वरचं सगळं पटलं, पण पाठ केलेलं वाया गेलं असं मुलीला वाटू देऊ नका. बोर्डाचा पेपर ८० चा, दोन तास, वर २० इंटर्नल. त्यात १६ मार्कांचे एमसीक्यू कंपल्सरी, आणि उरलेले चार प्रश्न १६-१६ चे, नाटक, कथा, कविता प्रत्येकातून निदान एक. गोष्ट पक्की नसेल तर एमसीक्यूतच मार्क जातात. आम्ही मुलाला एकच सवय लावली, उत्तर लिहून झालं की प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने कशावरून असं लिहायचं आणि पुस्तकातला शब्द दाखवायचा. नाही दाखवता आला तर वाक्य खोडायचं. पहिला महिनाभर घरात रोज भांडणं झाली यावरून, पण सोडलं नाही.

ऐरोलीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी जेवणं झाल्यावर बसलो, मोचीपासून सुरू केलं आणि मग दुसऱ्या अंकातलं कॅल्पर्नियाचं स्वप्न. मी सीझरची बायको कॅल्पर्निया आणि सीझर दोन्ही, ती डिशियस, म्हणजे सीझरला मारायच्या कटातला एक. स्वप्नात सीझरच्या पुतळ्यातून कारंज्यासारखं रक्त येतंय आणि रोमन लोक हसत त्यात हात बुडवतायत, म्हणून ती नवऱ्याला म्हणते घरी थांबा. तर डिशियस येऊन म्हणतो अर्थ चुकला, हे शुभ आहे, तुमच्या रक्ताने रोमला नवं जीवन मिळणार. इथे ही वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, आई, ह्याने स्वप्न बदललंच नाही, सगळं तेच ठेवलं, फक्त अर्थ बदलला, ह्याला माहितीये सीझरला काय ऐकायला आवडतं. मी म्हटलं हेच लिही. नोट्स न उघडता अर्धं पान लिहिलं तिने.

नौपाडा_टीचर
वा! आता तिला विचारा, डिशियसला हे माहितीये हे कशावरून. उत्तर त्याच अंकाच्या पहिल्या प्रवेशात आहे, कटवाले रात्री ब्रूटसच्या घरी जमतात तिथे. तुम्ही सांगू नका, तिला शोधू दे.

ऐरोलीची_आई
सापडलं! सीझरला खुशामत आवडत नाही असं त्याच्या तोंडावर म्हटलं की तो सगळ्यात जास्त खूश होतो, असं डिशियस स्वतःच तिथे सांगतो. ती आत्ता पेन्सिल घेऊन परत पहिल्या अंकापासून बसलीये, साडेदहा वाजलेत.