सर्ट्रालिन (नैराश्यावरची गोळी) चालू असताना अंगावर पाजलंय का कुणी?

माहेरी आहे, सांगलीला. मुलगी ७ आठवड्यांची. सिझर झालं, दूध चौथ्या दिवशी उतरलं, तोवर बघायला आलेल्या प्रत्येकीने 'पुरतंय ना गं?' विचारून घेतलं. आता हळिवाची खीर, शतावरी, डिंकाचे लाडू सगळं चालू आहे. तिचं वजन वाढतंय, दिवसाला सात-आठ लंगोट ओले होतात. म्हणजे पुरतंय.

पण ती रडायला लागली की मला धडकी भरते. पाजताना ती मुठीत माझा गाऊन घट्ट धरते आणि मला काहीच वाटत नाही. माया नाही, रागही नाही. ती झोपली तरी मला झोप लागत नाही. आई म्हणते, ओली बाळंतीण तू, रडलीस तर दूध आटेल. सुरुवातीचं रडू दोन आठवड्यांत ओसरतं म्हणतात, माझं वाढतंच चाललंय.

टाके दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांनी १० प्रश्नांचा कागद भरून घेतला, एडिंबरा स्केल, बाळंतपणानंतरचं नैराश्य तपासायचा. ३० पैकी १७ आले. मग मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन लिहून दिली, पाजणं थांबवू नका म्हणाले. घरी पोचते तोच सासूबाईंचा फोन: 'गोळी घ्यायचीच तर वरचं दूध चालू कर, पोरीच्या डोक्यावर परिणाम व्हायचा.' नवरा म्हणतो, तुला योग्य वाटेल ते कर. (हे वाक्य हल्ली ऐकवत नाही.) गोळ्यांची पट्टी सहा दिवस काजळाच्या डबीमागे पडून आहे.

बाळ सुस्त झालं का? दूध कमी झालं का? घेतली असेल तिने सांगा.

प्रतिसाद

मी घेतली, सात महिने, पाजत होते तेव्हाच. हे औषध दुधात फार थोडं उतरतं, म्हणून पाजणाऱ्या बायकांना बरेचदा आधी हेच देतात. मला पहिले चार-पाच दिवस मळमळलं. पोराला काही झालं नाही, दूधही तेवढंच राहिलं. मात्र मला फरक जाणवायला तीन आठवडे लागले, तोवर 'उपयोग नाही' म्हणून मनाने बंद करू नकोस. बाळ फार पेंगतंय किंवा पीत नाही असं वाटलं तर डॉक्टरांना फोन कर. आणि रात्रीचं एक पाजणं आईवर सोपव, काढलेलं दूध वाटी-चमच्याने. मला त्या सलग चार तासांच्या झोपेने गोळीइतकंच सावरलं.

एक विचारते, राग मानू नकोस. त्या कागदातला दहावा प्रश्न, स्वतःला इजा करून घेण्याचा. तिथे काय लिहिलंस? 'कधीच नाही' सोडून दुसरं काही असेल तर घरात आजच सांग. रात्री-अपरात्री १४४१६ लाव, टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, मराठीत बोलतात.

धागाकर्ती

ताई, 'क्वचित' लिहिलं होतं. डॉक्टरांना माहीत आहे, घरी कुणाला नाही. गोळी आत्ताच घेतली. आई शेगडीत ओवा टाकतेय धुरीसाठी, आत आली की सांगते.